दळण, वळण आणि दळणवळण

मराठीत दोन माणसांच्या एकमेकांशी असण्याला किती शब्द आहेत, एकदा मोजून बघा. बोलाचाली, उठबस, जाणंयेणं, घरोबा, घसट, राबता, संबंध, संपर्क, संवाद. सगळे एकाच गोष्टीभोवती घुटमळतात, पण एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहिला की लगेच दाताखाली खडा आल्यासारखं होतं. घसट म्हणजे जवळीकच, पण तिच्यात घासणं आहे, आणि घसट फार वाढली की लोक संशयाने बघायला लागतात. राबता मूळचा अरबी, तिकडे त्याचा अर्थ बांधणारा दुवा. मराठीत आल्यावर त्याला पाय फुटले. "त्यांच्याकडे माणसांचा राबता असतो" म्हटलं की मला तरी दारातल्या चपलाच दिसतात. संवादाची तर गंमतच आहे. संस्कृतात जुळणं, एकमत होणं हा अर्थ त्या शब्दातच होता, म्हणून तर त्याच्या उलट विसंवाद. गाण्यातला संवादी स्वर तो हाच, वादीशी जुळणारा. आपण तो अर्थ इतका झिजवला की आता जुळणारा संवाद हवा असेल तर वेगळा "सुसंवाद" म्हणावं लागतं.

या सगळ्यांत माझा लाडका शब्द मात्र दळणवळण.

शाळेतल्या भूगोलाने त्याचं काय केलं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दळणवळणाची साधने सांगा: रस्ते, रेल्वे, जलमार्ग, टपाल, तार, दूरध्वनी. दिल्लीतलं एक खातंही मराठी वर्तमानपत्रांत "दळणवळण मंत्रालय" म्हणून छापून येतं. पण शब्द जरा हातात घेऊन बघा. त्यात कुठेही चाक नाही, तार नाही, टपालपेटी नाही. आहे ते जातं. जात्यावर घातलेलं धान्य म्हणजे दळण, आणि त्याला चिकटून आलेलं वळण.

हे वळण म्हणजे नुसतं यमकाला आणलेलं शेपूट, शेजारपाजारातल्या "पाजार"सारखं, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही, कारण वळण हा एकटाही चांगला कमावता शब्द आहे. एक वळण वाटेचं, येण्याजाण्याचं. दुसरं वळण हातांचं: शेवया वळतात, लाडू वळतात, वाती वळतात, दोर वळतात. पहिला अर्थ घेतला तर दळणवळण म्हणजे एकमेकांकडचं धान्य आणि एकमेकांकडची वाट. दुसरा घेतला तर उन्हाळ्यात चार घरच्या बायका एकीच्या ओटीवर जमून जी कामं उरकतात ती. कसंही वाचा, हा शब्द घराच्या मागच्या दारातून आलेला आहे, सरकारी कचेरीतून नाही. "त्यांचं आमचं दळणवळण आहे" हे वाक्य आमच्या आजीच्या पिढीच्या तोंडी सहज असायचं आणि त्यात एसटीचा काहीही संबंध नसे.

जातं एकटीने ओढता येतं, पण समोरासमोर बसून दोघींनी खुंटा धरला की जड जातंही हलकं होतं. पहाटेचा अंधार, घरातले पुरुष झोपलेले, आणि दगडाच्या घरघरीत बाकी कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलणं. सासू, नवरा, माहेर, भाऊ, विठोबा, सगळ्यांचा हिशेब तिथे व्हायचा. १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांनी या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. खेडोपाडीच्या बायकांकडून जमलेल्या त्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली, आणि २०१७ पासून "पारी" या संकेतस्थळावर त्या आवाजासकट ऐकायला मिळतात. एक लाख ओव्या! आणि बहुतेक कुणाला तरी उद्देशून म्हटलेल्या. कधी सई, कधी बाई, कधी खुद्द जातंच. समोर कुणी असो नसो, ऐकणारं कुणीतरी धरूनच ती बाई गाते. जिला लिहिता येत नव्हतं, जिला पंचायतीत बोलायची मुभा नव्हती, तिचं सगळं दळणवळण या एका दगडाशी होत होतं.

गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठीत सांगायला बसलेल्या फादर स्टीफन्सनेही छंद निवडला तो ओवीचाच. हा इंग्रज जेझुइट. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. लोकांच्या कानापर्यंत जायची वाट कुठून जाते हे त्याला बरोबर समजलं होतं. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे हे मान्य, पण घराणं एकच.

मग हा जात्याजवळचा शब्द रेल्वेच्या रुळावर गेला कसा? १८५३ला मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, त्याच दशकात तारेचे खांब उभे राहिले, आणि इंग्रजी कागदांत "कम्युनिकेशन" हा शब्द सतत येऊ लागला. त्या इंग्रजी शब्दाच्याही पोटात तेव्हा दोन्ही होतं, रस्ता आणि निरोप. कारण सरळ आहे. तार येईपर्यंत निरोप माणसाच्या, घोड्याच्या किंवा गलबताच्याच वेगाने जात असे; कबुतरं आणि डोंगरावरचे इशारे सोडले तर रस्ता आणि बातमी ही एकच गोष्ट होती. मराठीत त्या दोन्हींना पुरून उरणारा शब्द शोधायचा तर दळणवळणाइतका चपखल दुसरा कुठला मिळणार? पुढे विद्यापीठांनी "संज्ञापन" आणला, कुणी "संप्रेषण" आणला, शाळेच्या पुस्तकांत "संदेशवहन" आलं. कामाचे असतील, पण त्यांना पिठाचा वास नाही. तार तर जुलै २०१३ मध्ये बंदच झाली. शब्द शिल्लक आहे, त्याच्यातला निम्मा अर्थ मात्र सांडला. साधन राहिलं, माणूस गेला.

तो सांडलेला अर्थ किती जड होता हे कळायला शब्दाची उलटी बाजू बघावी लागते. दळणवळण तोडणे.

आपल्याकडे त्याला वाळीत टाकणं म्हणतात. कोकणात गावकीने वाळीत टाकलेल्या घरांच्या बातम्या अगदी अलीकडेपर्यंत यायच्या. त्या बातम्यांमध्ये काय काय बंद केलं त्याची यादी असे: कुणी बोलायचं नाही, लग्नामयताला जायचं नाही, दुकानात सामान द्यायचं नाही, आणि गिरणीवर दळण दळून द्यायचं नाही. हे वाचताना अंगावर काटा येतो. शब्द अक्षरशः खरा केलेला. अस्पृश्यांच्या वाट्याला तर हे पिढ्यान्‌पिढ्या होतंच. मुंबई सरकारने दलित आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल १९३०चा आहे. डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध गाव बहिष्काराचं हत्यार कसं वापरतं ते त्यात स्पष्ट मांडलंय. नेहमीच्या वाटेने जाऊ द्यायचं नाही आणि वाण्याने जिन्नस विकायचे नाहीत. वळणही बंद आणि दळणही बंद. शब्दाची फोड कोशात करायची गरजच नाही, गावाने ती करून ठेवलेली होती.

कायद्याने हे थांबवायचा प्रयत्नही जुना. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला, धर्मसंस्थेच्या स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. मग अर्धशतकाहून जास्त काळ काहीच नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, असं आपण अभिमानाने सांगतो. त्या कायद्याची गरज इतक्या उशिरापर्यंत पडली हे मात्र जरा हळू आवाजात.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहायचं कारण म्हणजे आमचं भाईंदर. दळणवळणाची साधनं, भूगोलातली, आमच्याकडे मुबलक आहेत आणि पहिल्यापासून आहेत. तीन बाजूंना पाणी. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, आणि मध्ये राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी ही जुनी आगरी-कोळी-ख्रिस्ती गावं. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडे, अलीकडे चौकला धारावीचा किल्ला. खाडीच्या तोंडाशी दोन्ही किनारे हातात असले की वसईची पाण्यातली वाट बंद होते, म्हणून चिमाजी अप्पांच्या मोहिमेत या टेकडीसाठी एवढी झटापट झाली. १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. लष्करी भाषेतलं "शत्रूचे दळणवळण तोडणे" आम्ही आमच्या अंगणातच पाहिलेलं आहे.

पण त्याच दोनशे वर्षांत दुसरंही काही चालू होतं. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं, तुरुंग हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. आणि परातसुद्धा. जात्यावर पीठ दळायचं आपलं आणि ते मळायचं ताट त्यांच्या नावाचं! तहात कोण काय लिहितो ते इतिहासात येतं. परात कुणी कुणाकडून घेतली, कुठल्या बाजारात, कुठल्या स्वयंपाकघरात, याची बखर कुणी लिहिली नाही.

१८६४ मध्ये बीबीसीआय रेल्वे गुजरातेतून खाडी ओलांडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आली, १८६७च्या एप्रिलात विरारहून मुंबईला जाणारी रोजची गाडी सुरू झाली. भाईंदर तरी बराच काळ मिठागरांचं आणि भाताचं गाव होतं. मग मुंबईत घर परवडेना, आणि माणसं रुळाच्या कडेने उत्तरेकडे सरकत आली. १९८५ला नगरपरिषद, २००२ला महानगरपालिका. २००१च्या जनगणनेत ५ लाख २० हजार, २०११ला ८ लाखांच्या वर. गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय, दक्षिणेकडचे, बोहरी, जैन, कोकणातून आलेले, घाटावरून आलेले. २०२३ मध्ये वरसावेचा नवा पूल खुला झाला, २०२४च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर पडणारी वसई बोटीने तीन-चार किलोमीटरवर आली. भूगोलाच्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क.

आणि भाईंदर-नायगावच्या मधोमध खाडीत पाणजू बेट आहे. पश्चिम रेल्वेचा पूल तिथूनच जातो. दिवसभर गाड्या धडधडत जातात, पाणजूकर मात्र आजवर होडीने किंवा पुलाच्या कडेच्या वाटेने चालत ये-जा करत आलेत. गाडीतले भाविक खाडी आली की खिडकीतून निर्माल्याच्या पिशव्या आणि नारळ भिरकावतात, आणि ते खालच्या-बाजूच्या माणसांना लागतात. २०२५ मध्ये असाच एक नारळ लागून पुलावरून चाललेल्या पाणजूच्या एका तरुणाचा जीव गेला. नारळ फेकणाऱ्याला कळलंही नसेल. हात जोडून झाले असतील आणि तो मीरा रोडपर्यंत पोचलाही असेल. साधन आहे, रोज लाखो माणसं त्यावरून जातात. पाणजूशी त्यांचं दळणवळण किती?

त्याच वर्षीच्या जून-जुलैबद्दल लिहायचं की नाही असा विचार करत होतो. पण शब्दाबद्दल लिहायचं आणि ते टाळायचं हे बरं दिसणार नाही. जूनच्या शेवटी मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, मनसेच्या कार्यकर्त्यांकडून. चित्रफीत देशभर फिरली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी बंद पाळला, ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला, त्याला आधी परवानगी नाही, पहाटे धरपकड, मग निघू दिला. बाहेरगावचे नातेवाईक फोन करून विचारत होते, तुम्ही ठीक आहात ना? आम्ही ठीक होतो. भाजी आणत होतो, लोकल पकडत होतो.

माझं मत सरळ सांगतो. कानाखाली मारून शिकवलेली भाषा ही भाषा नव्हे, तो दम आहे, आणि दम खाल्लेला माणूस मराठी बोललाच तरी तुमच्याशी बोलत नाही. हे एक. दुसरं असं की वीस-पंचवीस वर्षं एका गावात दुकान चालवून "किती झाले" आणि "सुट्टे आहेत का" एवढंही तोंडात येऊ न देणं हीसुद्धा एक जातीची वाळीतच. फक्त ती कुणी जाहीर करत नाही. आणि तिसरं, जे मोर्चात कुणीच बोललं नाही: आपण मराठी माणसं समोरचा तोंड उघडायच्या आत हिंदीत सुरू होतो. रिक्षात, गिरणीवर, बँकेत. समोरचा मराठी असला तरी! दोन मराठी माणसं एकमेकांशी वाईट हिंदीत दहा मिनिटं बोलतात आणि मग आडनावावरून कळतं. जातं ओढायला दोघं लागतात. आपण आपल्या बाजूचा खुंटा सोडून बसलोय आणि दगड फिरत नाही म्हणून ओरडतोय, असं मला कधीकधी वाटतं. काहींना हे आवडणार नाही, ठाऊक आहे. असो.

गिरणीचा उल्लेख आलाच आहे तर तेवढं सांगतो. आमच्या भागातल्या पिठाच्या गिरणीवर अजूनही डब्यांची रांग असते. गिरणीवाला उत्तर प्रदेशचा. गेल्या कित्येक वर्षांत त्याला जे मराठी आलंय ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. "गव्हावर गहू" म्हणजे काय हे त्याला पक्कं कळतं: आधीचं दळण गव्हाचंच असलं पाहिजे, ज्वारीवर घातलेलं गिऱ्हाईक परत करतं. भाकरीची ज्वारी बारीक, ढोकळ्याचं जाडसर, भाजणी शेवटी घालायची कारण तिचा वास दगडाला राहतो, उपासाचं आधी दगड पुसून. हे सगळं त्याला मराठी, गुजराती, मारवाडी बायकांनी आपापल्या भाषेत बजावून बजावून शिकवलंय. बदल्यात त्याच्याकडून सत्तूचं पीठ आमच्या इमारतीतल्या दोन-तीन घरांत शिरलंय. त्याचं मराठी व्याकरणात बसत नाही, "दळण झाली नाय" म्हणतो, आणि कुणी हसत नाही. निदान तोंडावर तरी.

रांग मात्र पूर्वीपेक्षा आखूड झालीय. निम्म्या घरांत पिठाची पाकिटं येतात, आणि ज्यांना ताजं पीठ हवं त्यांनी स्वयंपाकघरात छोटी विजेची चक्की बसवलीय. तिचं मराठीतलं नाव घरघंटी. खरं तर छान नाव आहे. बटण दाबलं की दार लावून एकटीच दळते.